खाल्ल्या मिठाला जागणारा चेहरा

लग्नाच्या दिवशी पहाटे पावणेपाचला भाचीने मला हलवून उठवलं. "मावशी, माझे डोळे बघ ना." कार्यालयाच्या खोलीतली ट्यूबलाइट लावली आणि पाहिलं. दोन्ही पापण्या भरून आलेल्या, डोळ्यांखाली फुगवटा, डाव्या गालावर उशीच्या अभ्र्याची शिवण जशीच्या तशी उमटलेली. साखरपुड्याची अंगठी आदल्या संध्याकाळी बोटात सैल फिरत होती, ती आता पेरावर अडकून बसली होती. ताई आली, तिने लेकीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, "रडलीस का गं रात्री?"

ती रडली नव्हती. रात्री साडेअकराला जेवली होती. सीमांतपूजन लांबलं, फोटो लांबले, आणि मग भुकेच्या तडाख्यात पावभाजी, वर मसालेभात, दोन पापड, ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं आणि दोन वाट्या मठ्ठा असं सगळं पोटात गेलं. बाराला पाठ टेकली, पावणेपाचला उठली. मेकअप करणारी बाई सहाला येणार होती.

असा चेहरा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी आरशात पाहिलेला आहे. लग्नाचा मुहूर्त नसतो, म्हणून आपण तोंडावर पाणी मारतो आणि कामाला लागतो. तरुण मुली मात्र हल्ली या फुगवट्याने फार घाबरतात. एका रात्रीत गाल सुटले, वजन वाढलं, काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं, आणि त्या भीतीपोटी क्रीम, रोलर, उपास असं काय काय सुरू होतं. म्हणून हा फुगवटा नेमका कशाचा असतो ते नीट सांगावंसं वाटतं. तो चरबीचा नसतो. तो पाण्याचा असतो, आणि ते पाणी धरून ठेवणारं मीठ बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या ताटात असतं.

दवाखान्यात सलाइनची बाटली लावतात, तिच्यावर ०.९ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. रक्ताशी जुळावा म्हणून हा खारटपणा ठरवला आहे. आपलं रक्त आणि पेशींच्या भोवतीचं पाणी यांचा खारटपणा शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. त्यात थोडीही वाढ झाली की मेंदूला कळतं आणि तहान लागते. आता समजा, रात्रीच्या जेवणातून ६ ग्रॅम मीठ पोटात गेलं आणि ते लगेच बाहेर पडलं नाही. तो खारटपणा पातळ करायला शरीराला जवळपास पाऊण लिटर पाणी लागणार. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर रात्री तांब्या रिकामा होतो तो यासाठीच. सलाइन शिरेतून गेलं काय किंवा मीठ आणि पाणी तोंडाने वेगवेगळं गेलं काय, शरीराच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, तोही तिन्ही त्रिकाळच्या खाण्यातला मिळून. तिच्याच अहवालाप्रमाणे जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे, दुपटीहून जास्त.

पण हे जास्तीचं पाणी अंगभर पसरतं, मग दिसतं ते डोळ्यांपाशीच का? याचं उत्तर लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलेल्या विचारातून मिळतं. आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, केशवाहिन्या, काचेच्या नळीसारख्या बंद नसतात. मातीच्या माठासारख्या पाझरत्या असतात. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्बुमिन, ते पाणी आत ओढून धरतात. या ढकलण्या-ओढण्यात थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं आणि लसिकावाहिन्या ते गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. दाब वाढला, किंवा ओढ कमी झाली, किंवा गोळा करण्याचं काम थंडावलं, की पाणी पेशींच्या मधल्या जागेत साचतं.

आता पापणी पाहा. अंगावरची सर्वांत पातळ कातडी इथे असते, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नाही. जे आहे ते सैल, भुसभुशीत जाळं. तळहाताची कातडी खालच्या थराला घट्ट बांधलेली असते, तिथे पाणी शिरायला वाव नसतो. पापणीत दोन-चार थेंब जास्त आले तरी ती उचलल्यासारखी दिसते. शिवाय दिवसभर आपण पापण्या मिटतो-उघडतो, त्या हालचालीने तिथलं पाणी पुढे सरकत राहतं. झोपेत ती हालचालही थांबते.

आणि मुख्य म्हणजे आपण आडवे होतो. दिवसभर उभं-बसलेलं राहिलं की पाणी पायांकडे उतरतं. रात्री दहाला मोजे काढल्यावर घोट्याच्या वर इलॅस्टिकची गोल खूण दिसते ना, ती या उतरलेल्या पाण्याचीच खूण आहे. अंथरुणाला पाठ टेकली की उतार संपतो आणि पायांतलं पाणी हळूहळू वर पसरतं. मोज्याची खूण रात्रीतून बुजते आणि उशीची शिवण गालावर उमटते. पाणी तेच, जागा बदलली.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा अंतराळात मिळतो. तिथे उभं राहणं आणि आडवं होणं यात फरकच नसतो, पाणी खाली खेचणारं काही नसतं. पायांतलं लिटर-दोन लिटर पाणी वरच्या अंगाकडे सरकतं. चेहरा गोल होतो, नाक चोंदल्यासारखं वाटतं, पाय काटकुळे दिसतात. अंतराळस्थानकात पोचल्यावर पहिल्या काही दिवसांत काढलेल्या फोटोंत अंतराळवीर ओळखू येऊ नयेत इतके गुबगुबीत दिसतात. आपण दररोज रात्री त्याची छोटी आवृत्ती अनुभवत असतो.

यात भर पडते मूत्रपिंडांच्या रात्रपाळीची. दिवसाकाठी ती जवळपास १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. रात्री मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जास्त सुटतं आणि लघवी कमी तयार होते, म्हणून तर आपल्याला सलग झोपता येतं. मिठाचा निचराही रात्री मंदावतो. दुपारी एकला खाल्लेल्या पापडाच्या मिठाला बाहेर पडायला अख्खा दिवस मिळतो, तोही उभ्याने. रात्री साडेअकराच्या पापडाला तो मिळत नाही. जास्तीचं मीठ पुरतं बाहेर पडायला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि पहाट तर पाच तासांवर आलेली असते.

मीठ फारच झालं, तर मूत्रपिंडं रात्रीही कामाला लागतात आणि माणसाला उठवतात. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये यावरचं काम मांडलं. रात्री वारंवार लघवीला उठावं लागणाऱ्या आणि भरपूर मीठ खाणाऱ्या तीनशेहून जास्त लोकांना त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं. ज्यांना ते जमलं त्यांचं मीठ दिवसाला १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं आणि रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वेळांवर. खाल्ल्या मिठाला जागणं आपण इमानदारीच्या अर्थाने म्हणतो. शरीर ते अक्षरशः करतं.

आता आपल्या ताटाकडे येऊ. घरोघरी मला एक उत्तर ठरलेलं मिळतं, "आम्ही वरून मीठ घेतच नाही." वरून घेतलेलं मीठ हा लहान वाटा असतो. खरा साठा आधीच मुरलेला असतो. लोणचं टिकतं ते मिठामुळे. सांडगी मिरची, सुकट, खारवलेले बोंबील यांचंही तसंच. शेव, फरसाण, चिवडा हे संध्याकाळी सातला चहाबरोबर मूठभर खाल्लेले पदार्थ तर जेवणाच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. पावात मीठ, बटरमध्ये मीठ, भाजीत मीठ, वर मसाल्यात मीठ: पावभाजीच्या एका ताटात ते चार वाटांनी येतं, आणि टोमॅटोच्या आंबटपणात लपतं. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. कोपऱ्यावरच्या गाडीवर कढईत तो चमच्याने मोजून घातला जात नाही.

पापडाजवळ मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालणाऱ्या बायकांत मी वाढले. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, मीठ आणि पापडखार. हा पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. त्याने पापड फुलतो, खुसखुशीत होतो. त्याची चव मिठासारखी खारट नाही, पण सोडियम त्यातही आहे. ढोकळ्यातल्या, भज्यांतल्या खायच्या सोड्याचं हेच. त्याच्या वजनाचा पाव हिस्सा तरी सोडियमच असतो. अजिनोमोटोतही सोडियम आहे, मिठाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश. म्हणजे जिभेला जे खारट लागतं तेवढंच मोजून भागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन गोष्टी अति वापरू नयेत असं सांगितलं आहे, आणि मिठाच्या अतिरेकाने अंग शिथिल होतं, अकाली सुरकुत्या पडतात असंही. पापडात यातले क्षार आणि लवण दोन्ही एका ठिकाणी येतात हे वाचताना माझ्या लक्षात आलं, आणि लाटलेला ओला पापड पळवून खाताना जिभेला लागणारी ती तुरट चुणचुण आठवली.

पाकिटातल्या पदार्थांचा हिशेब सोपा आहे. मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. दर ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ. झटपट नूडल्सचं पाकीट एकदा उलटून हा भागाकार करून पाहावा, रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना तर करायला लावावा. दक्षिण कोरियात रात्री रामयॉन, म्हणजे तिथल्या झटपट नूडल्स, खाऊन झोपलं की सकाळी तोंड सुजतं हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. तिथल्या मालिकांत त्यावर प्रसंग येतात.

मिठाच्या गुन्ह्याची शिक्षा मात्र भाताला होते. "रात्री भात खाल्ला की माझं तोंड सुजतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की भाताची बाजू घ्यायलाच हवी. आपल्याकडे बहुतेक घरांत साध्या भातात मीठ नसतं किंवा चिमूटभर असतं. पिठूळ पदार्थांमुळे शरीर थोडं पाणी धरतं हे खरं. त्यांच्यातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि एका ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. म्हणून भात-पोळी सोडणाऱ्याचं वजन पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं. पण हा साठा यकृतात आणि स्नायूंत असतो, पापणीत नाही. खूप पीठ-साखर खाल्ल्यावर वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं थोडं सोडियम अडवतात, एवढाच त्याचा चेहऱ्याशी दूरचा संबंध. वरणभात-तूप-लिंबू खाऊन झोपलेल्या माणसाचा चेहरा सकाळी बिघडत असेल, तर मी आधी ताटातल्या मिरगुंडांकडे बघेन.

रात्री दही नको असंही चरकाने सांगितलं आहे, आणि आमच्या घरी ते पाळलं जाई. दह्यात स्वतःचं सोडियम फार नसतं. मठ्ठ्यात आपण जे मीठ घालतो ते मात्र असतं, आणि तो गार-गोड लागतो म्हणून दोन वाट्या कधी संपतात ते कळत नाही.

दारूचं गणित वेगळं. ती व्हॅसोप्रेसिन दाबते, त्यामुळे सुरुवातीला लघवी जास्त होते आणि शरीर कोरडं पडतं. त्याच वेळी चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझर वाढतो आणि उत्तररात्रीची झोप तुटक होते. सोबत खारे शेंगदाणे, मसाला पापड, तळलेले बोंबील. कोरडं पडलेलं शरीर मग मिळेल ते पाणी त्या मिठासकट धरून ठेवतं.

उशिरा जेवण्याचा आणखी एक परिणाम झोपेच्या वाटेने चेहऱ्यावर येतो. भरल्या पोटी आडवं झालं की आंबट वर येतं, छातीत जळजळतं, झोप वारंवार चाळवते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये २३ जणांचे दोन-दोन फोटो काढले, एक पुरेशा झोपेनंतरचा, एक ३१ तास जागं ठेवल्यानंतरचा. ६५ अनोळखी लोकांनी ते पाहिले. जागरणानंतरचे चेहरे त्यांना कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटले. पुढच्या अभ्यासात लोकांनी कारणंही टिपली: उतरलेल्या पापण्या, सुजलेले लाल डोळे, काळी वर्तुळं, फिका रंग. म्हणजे भाचीच्या चेहऱ्यावर त्या पहाटे मीठ आणि पाच तासांची झोप दोघांचं मिळून काम दिसत होतं.

सूज येते म्हणून रात्री पाणीच न पिणारे लोकही भेटतात. नुसतं पाणी निरोगी मूत्रपिंडं काही तासांत बाहेर टाकतात. मागे राहतं ते मिठाने धरलेलं. तहान दाबून मीठ जात नाही. पोटॅशियम मिठाच्या निचऱ्याला मदत करतं, म्हणून जेवणात वाटीभर डाळ, पालेभाजी, सकाळी केळं किंवा शहाळं हे चांगलंच. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हेच पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं, आणि बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. अशा घरात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

आणि हा सगळा फुगवटा आदल्या रात्रीचाच असतो असं धरून चालू नये. चाळिशीनंतर डोळ्यांखाली दिवसभर राहणाऱ्या पिशव्या बहुधा डोळ्यामागची चरबी पुढे आल्याने असतात. त्यांना ताटातलं काही कमी-जास्त करून फरक पडत नाही. पाळीच्या आधी काही दिवस अंगात पाणी धरतं. पण रोज सकाळी डोळे सुजतात, दुपारपर्यंत उतरत नाहीत, पायावर बोट दाबलं तर खळगा राहतो, लघवीला फेस येतो, यातलं काही असेल तर मीठ मोजत बसण्याआधी लघवीची तपासणी करावी. लहान मुलांत तर हे अजिबात लांबवू नये. सकाळी सुजलेले डोळे पाहून "काहीतरी चावलं असेल" म्हणत घरचे लोक दिवस काढतात आणि मूत्रपिंडाचा आजार आत वाढत राहतो. गरोदरपणात चेहरा एकाएकी सुजला तर त्याच दिवशी रक्तदाब पाहायचा.

ज्या गायज हॉस्पिटलात पुढे स्टार्लिंगने काम केलं, तिथेच रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टरने अंगावर सूज असलेल्या रोग्यांची लघवी तपासली होती. साधन एवढंच: एक चमचा आणि एक मेणबत्ती. चमच्यातली लघवी ज्योतीवर धरली की काही रोग्यांची अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठायची. ते अल्बुमिन होतं, पाणी रक्तात ओढून धरणारं तेच प्रथिन, बिघडलेल्या मूत्रपिंडांतून वाहून जाणारं. ब्राइटने हे १८२७ मध्ये छापलं. ओढच गेल्यावर पाणी साचणारच, हे समजायला स्टार्लिंगपर्यंत जवळपास सत्तर वर्षं जावी लागली.

भाचीच्या बाबतीत असं काही नव्हतं. तिला आम्ही पहिल्यांदा उभं केलं. ती परत आडवी होऊन डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवणार होती. मी म्हटलं, काकडी राहू दे, आधी खाली चल. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून थंड पाण्याचा नॅपकिन डोळ्यांवर धरायला दिला, पण चालता चालता. कार्यालयाच्या अंगणात मांडवाचे लोक झेंडूच्या माळा बांधत होते. त्यांच्यामधून ती, मी आणि ताई अशा पाऊण तास फेऱ्या मारत राहिलो, ताई दर फेरीला तिच्या तोंडाकडे बघत. मीठ अजून अंगातच होतं, ते जायला दुसरा दिवस उजाडणार होता. पण पाणी उतरायला लागलं होतं. सहाला मेकअपवाली आली तेव्हा वरच्या पापण्यांची घडी परत दिसत होती. गालावरची शिवण पुसट झाली होती.

साडेअकराला अक्षता पडल्या. दुपारी पंगत उठल्यावर भाची पाटावर बसून नवऱ्या मुलाला अंगठी दाखवत होती. ती पुन्हा बोटात सैल फिरत होती. आणि ताई माझ्या शेजारी खुर्चीत बसून पायातल्या नव्या चपलांचे पट्टे सोडत होती, कारण पहाटेपासून उभी राहून तिचे घोटे सुजले होते.